प्राचार्य महोदय, मुलांना त्यांचे काम लिहायला शिकवा

प्रति,
ठाणे, कल्याण आणि डोंबिवली परिसरातील महाविद्यालयांचे प्राचार्य, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचे प्रमुख आणि प्लेसमेंट सेलचे प्राध्यापक यांस,



मी कोलशेतचा रहिवासी. माझी नोकरीची वर्षे एका कारखान्याच्या पर्सोनेल खात्यात गेली. आलेले अर्ज वाचायचे, त्यातले निवडायचे, मुलाखतीची पत्रे पाठवायची, माणसे रुजू करून घ्यायची, हे माझे काम होते. निवृत्तीनंतर कोलशेत, ढोकाळी, बाळकुम, माजिवडा इथली मुले-मुली बायोडेटा घेऊन घरी येतात. "काका, एकदा बघून द्या ना," म्हणतात. ते बायोडेटा वाचून जे साचले आहे ते आपल्यापुढे मांडावे म्हणून हे पत्र लिहीत आहे. आपल्या पेशाबद्दल मला आदर आहे. या मुलांच्या घरात पदवीपर्यंत पोचलेले पहिले माणूस अनेकदा तेच असते आणि तिथवर त्यांना आपण आणले आहे. म्हणूनच पुढची तक्रार आपल्याकडेच करावी लागते.

माझ्याकडे येणारे बायोडेटा एकसारखे असतात. सर्वांत वर ध्येय: नामांकित संस्थेत आव्हानात्मक पद मिळवून संस्थेच्या आणि स्वतःच्या प्रगतीसाठी कौशल्यांचा उपयोग करणे. त्याखाली दहावी, बारावी आणि पदवीच्या टक्क्यांचा तक्ता. मग गुण: मेहनती, वक्तशीर, प्रामाणिक, लवकर शिकणारा. मग छंद: गाणी ऐकणे, क्रिकेट खेळणे. मग वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, वैवाहिक स्थिती. शेवटी वरील माहिती खरी असल्याचे प्रतिज्ञापत्र आणि सहीसाठी रेघ. वरचे नाव झाकले तर हा कागद कोणाचा आहे ते त्याच्या आईलाही ओळखता येणार नाही. हा नमुना कुठून आणला असे विचारले की उत्तर ठरलेले असते: सीनियरने दिला. सीनियरला कोणी दिला असे विचारत गेले की बहुतेक वेळा आपल्याच एखाद्या प्लेसमेंट सेलपर्यंत पोचता येते.

नमुना देण्याला माझा विरोध नाही. कागदाची मांडणी शिकवावीच लागते. पण मांडणी देताना आत काय भरायचे ते कोणी शिकवत नाही आणि म्हणून मूल नमुन्यातलाच मजकूर स्वतःचा म्हणून ठेवते. जे खरोखर केलेले असते ते कागदाबाहेर राहते.

हे कोलशेतमधून लिहिताना एक गोष्ट डोळ्यांसमोर आहे. याच रस्त्यावर सँडोजचा, पुढे क्लॅरियंट झालेला कारखाना होता. बायरचा कारखानाही याच पट्ट्यात होता. तिकडे वागळे इस्टेट, पलीकडे ठाणे-बेलापूर पट्टा, वर डोंबिवली-अंबरनाथच्या वसाहती. त्या काळी फिटर किंवा ऑपरेटर म्हणून लागायला बायोडेटाची गरज क्वचितच पडे. कोणाचा तरी भाऊ, कोणाचा मामा आत असे. तो सुपरवायझरला सांगे. गेटवर नाव जाई. सेवायोजन कार्यालयाचे कार्ड असेल तर ते दाखवले जाई. मुलगा कामाचा आहे की नाही हे सांगणारा माणूस आत उभा असायचा. त्या पद्धतीत अन्याय होता. ज्याचा मामा आत नाही तो बाहेरच राहायचा आणि कोणत्या जातीचे मामा आत असत हेही आपल्याला ठाऊक आहे. आता त्या कारखान्यांच्या जागी गृहसंकुलांचे टॉवर उभे आहेत. नोकऱ्या संपल्या असे नाही. त्या आयटी पार्कांत, भिवंडीच्या गोदामांत, रुग्णालयांत, बँकांच्या बॅक ऑफिसांत, आणि खुद्द या टॉवरांच्या देखभालीत गेल्या. पण त्या देणारा माणूस आता गेटवर भेटत नाही. तो पुण्यात किंवा बेंगळुरूत बसलेला असतो आणि त्याच्यासमोर फक्त तो कागद असतो. मुलाच्या बाजूने बोलणारा मामा गेला. ते बोलणे आता कागदाने करायचे आहे, आणि आमच्या मुलांचे कागद काहीच बोलत नाहीत.

उदाहरणे देतो. नावे देणार नाही.

बी.एस्सी. केमिस्ट्री झालेला एक मुलगा. बायोडेटात अनुभव म्हणून एकच ओळ: हाउसकीपिंग स्टाफ, दोन वर्षे. मी विचारले, काय करायचास? म्हणाला, सोसायटीच्या एसटीपीवर होतो. एसटीपी म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प. मोठ्या संकुलांना तो चालवावा लागतो आणि शुद्ध केलेले पाणी फ्लशला आणि बागेला वापरले जाते. या मुलाची रात्रपाळी असायची. ब्लोअर चालू आहे ना ते पाहायचे, कारण हवा थांबली की एरेशन टाकीतले जिवाणू मरू लागतात आणि सकाळपर्यंत दुर्गंधी घराघरांत पोचते. सँड फिल्टर चोंदला की बॅकवॉश द्यायचा. पाण्याचा पीएच आणि उरलेला क्लोरीन तपासून लॉगबुकात नोंदवायचा. पंप ट्रिप झाला तर इलेक्ट्रिशियनला उठवायचे. हे सगळे तो दोन वर्षे एकट्याने करत होता, आणि केमिस्ट्री शिकलेला असल्यामुळे समजून करत होता. कंत्राटदाराच्या पगाराच्या स्लिपवर 'हाउसकीपिंग' छापले होते म्हणून त्यानेही तेवढेच लिहिले. नोकरीच्या संकेतस्थळांवर कंपन्या उमेदवार शोधतात ते शब्द टाकून. एसटीपी ऑपरेटर शोधणाऱ्या कंपनीला हा मुलगा कधीच दिसला नसता. मी त्याला सांगितले, पदनाम स्लिपवरचेच ठेव, कारण पुढे पडताळणी होते आणि पदनाम बदलणे म्हणजे खोटे बोलणे. पण त्याखाली चार ओळींत काम लिही. ते लिहायला त्याला सबंध संध्याकाळ लागली. रसायनशास्त्र त्याला येत होते. 'मी हे केले' असे वाक्य त्याच्याकडून कधी कोणी लिहून घेतले नव्हते.

दुसरी टी.वाय.बी.कॉम.ची मुलगी, कोलशेत गावठाणातली. आई मासळी विकते. आईच्या बचत गटाचे सगळे लिखाण हीच करते: बैठकीचे कार्यवृत्त, कोणी किती हप्ता भरला, कोणाचे कर्ज किती फिटले, बँकेत भरणा, वर्षाअखेरीला व्याजाची वाटणी. आईच्या धंद्याची उधारीची वहीही तिच्याकडेच. अकाउंट्स शिकणारी मुलगी प्रत्यक्ष हिशेब ठेवते आहे, चूक झाली तर शेजारच्या बायकांपुढे उत्तर द्यावे लागते अशा जागी ठेवते आहे. बायोडेटात मात्र अनुभवाच्या रकान्यात 'फ्रेशर' आणि छंदात 'वाचन, स्वयंपाक'. मी बचत गटाचे लिही म्हटल्यावर ती म्हणाली, "हे पण लिहायचं असतं का काका? कॉलेजात तर कंपनीचाच अनुभव लिहायला सांगितला."

तिचे ते वाक्य मला आपल्यापर्यंत पोचवायचे होते. कंपनीच्या लेटरहेडवर आले तेच काम, असे आपण या मुलांच्या मनात नकळत ठसवले आहे. शनिवार-रविवारी केटररकडे वाढप आणि भांड्यांचा हिशेब सांभाळणारा, भिवंडीच्या गोदामात स्कॅनर घेऊन माल मोजणारा, चाळीतल्या मुलांच्या शिकवण्या घेणारी, मंडळाच्या वर्गणीची पावतीपुस्तके तपासणारा, हे सगळे फ्रेशर म्हणून उभे राहतात. ज्यांच्या वडिलांच्या ओळखीने एखाद्या ऑफिसात महिनाभर बसायला मिळाले, त्यांच्याकडे 'इंटर्नशिप' असते. गरिबाच्या मुलाने केलेले काम मोजायचे नाही आणि सुस्थितीतल्या मुलाचे बसणे मोजायचे, हा हिशेब आपल्या वर्गांतून तरी थांबायला हवा.

आयटीआयच्या मुलांबद्दल थोडक्यात. त्यांच्या हातात कला असते आणि कागदावर फक्त ट्रेडचे नाव. फिटरने लेथवर काम केले का, कोणती मोजमापाची साधने हाताळली, किती बारकाईपर्यंत माप धरले, ॲप्रेंटिसशिपमध्ये कोणत्या यंत्राची देखभाल केली, हे आतला फोरमन पहिल्या मिनिटात विचारतो. ते कागदावर असेल तर तो मुलाला निदान बोलावतो.

आता अभ्यासक्रमाकडे येतो. नोकरीचा अर्ज आणि रेझ्युमे हा भाग मुंबई विद्यापीठाच्या एफ.वाय.बी.कॉम.च्या बिझनेस कम्युनिकेशनमध्ये वर्षानुवर्षे होता. म्हणजे विषय शिकवला गेला नाही असे कोणी म्हणू शकत नाही. पण शिकवला कसा? परीक्षेत प्रश्न येई: अमुक पदासाठी अर्ज लिहा, सोबत रेझ्युमे जोडा. मुले गाइडमधल्या काल्पनिक माणसाचा रेझ्युमे पाठ करून लिहीत आणि मार्क मिळवत. त्या काल्पनिक माणसाला पाच वर्षांचा अनुभव असे, संगणक येत असे, तीन भाषा येत असत. म्हणजे आपण मुलाला दुसऱ्याचा बायोडेटा लिहायला शिकवून पास केले. स्वतःचा लिहायची वेळ आली तेव्हा त्याने तेच केले तर दोष त्याचा कसा?

आता संधी आहे. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत पदवीच्या पहिल्या वर्षाला नवे शैक्षणिक धोरण लागू झाले आणि त्यात ऑन जॉब ट्रेनिंग, फील्ड प्रोजेक्ट, कम्युनिटी एंगेजमेंट यांना क्रेडिट मिळू लागले. कल्पना म्हणून हे मला मनापासून आवडले. पण या प्रशिक्षणाची जी प्रमाणपत्रे मुले दाखवतात त्यावर छापील वाक्य असते: अमुक विद्यार्थ्याने अमुक कालावधीत समाधानकारक काम केले, त्यांच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा. काय काम केले याचा एक शब्द नाही. मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत २०२४ पासून मुलांना कार्यालयांत आणि आस्थापनांत बसवून बारावीला सहा हजार, आयटीआय-पदविकेला आठ हजार आणि पदवीला दहा हजार रुपये महिना विद्यावेतन मिळाले. त्या मुलांचेही तसेच. कार्यालयात सहा महिने बसून दाखल्यांच्या अर्जांची छाननी करणारी मुलगी बायोडेटात फक्त योजनेचे लांबलचक नाव लिहिते आणि थांबते.

म्हणून माझी पहिली विनंती अगदी ठोस आहे. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र देताना त्यात कामाच्या चार-पाच ओळी सक्तीच्या करा. मुलाने स्वतः लिहाव्यात, ज्याच्या हाताखाली काम केले त्याने सही करावी, प्राध्यापकांनी वाचून परत पाठवाव्यात जोवर त्या खऱ्या आणि नेमक्या होत नाहीत. 'ऑफिसात मदत केली' हे चालणार नाही. 'रोजच्या चाळीस ते पन्नास बिलांची टॅलीत नोंद केली आणि महिनाअखेरीला बँक स्टेटमेंटशी मेळ घातला' हे चालेल. पहिले वाक्य कोणीही लिहू शकतो. दुसरे लिहायला ते काम करावे लागते.

दुसरी विनंती, पहिल्या वर्षापासून प्रत्येकाला एक कामाची वही ठेवायला लावा. महिन्यातून एकदा, मराठीत, या महिन्यात काय केले, कोणासाठी, कशाने, किती, आणि काय चुकले ते लिहायचे. घरचे काम, धंदा, पार्टटाइम, कॉलेजचा महोत्सव, एनएसएसचे शिबिर, सगळे. मी मराठीचा आग्रह धरतो याचे कारण सरळ आहे. ज्या भाषेत मूल काम करते त्या भाषेत त्याला ते काम तपशिलाने आठवते. इंग्रजीत सुरुवात केली की तपशील गळतो आणि 'हार्डवर्किंग' उरतो. बायोडेटा पुढे इंग्रजीत करावा लागेल, करावाच. पण आधी सांगण्यासारखे काही हाताशी हवे. तिसऱ्या वर्षी त्या वहीतून एक पान काढायचे. नव्या पदवीधराला एका पानाहून जास्त लागत नाही. वरच्या अर्ध्या पानात जे सर्वांत जास्त लागू पडते ते यावे, कारण वाचणारा माणूस पहिल्यांदा पान चाळतो आणि खालचे वाचायचे की नाही ते वरून ठरवतो. आणि ते पान नोकरीगणिक बदलावे. अकाउंट्सच्या जागेला बचत गट वर, शिकवणीच्या जागेला शिकवण्या वर.

संगणकाचा भाग मी आटोपता घेतो, कारण तो आपल्या आयटीच्या प्राध्यापकांना माझ्याहून जास्त कळतो. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचते. दोन रकान्यांचे रंगीत नमुने, तक्त्यातला मजकूर, चित्रातली अक्षरे त्याला नीट वाचता येत नाहीत. छापील कागदाचा मोबाईलवर काढलेला फोटो तर अजिबात नाही, आणि आमची बरीच मुले अजून तोच पाठवतात. साधी मांडणी, वर्डमधून केलेली पीडीएफ, फाइलला स्वतःचे नाव, लागणारा फोन नंबर आणि रोज उघडला जाणारा ईमेल, एवढे एका तासिकेत होते.

हल्ली मुले एआयला सांगून बायोडेटा करतात. भाषा निर्दोष असते. मी विरोधात नाही. इंग्रजी कच्चे असलेल्या मुलीला त्याने आधार मिळतो. पण त्याला काही सांगितलेच नाही तर तेही नमुन्यातलेच भरते, फक्त अधिक सफाईने. मग मुलाखतीत कोणी विचारते, हे जे तुम्ही लिहिले आहे ते समजावून सांगा, आणि मूल गप्प होते. ते गप्प होणे मी पाहिले आहे आणि ते पाहवत नाही. कामाची वही असेल तर त्याच यंत्राला खरी सामग्री देता येईल.

आता एक गंभीर बाब. बायोडेटात धर्म, जात, वडिलांचा व्यवसाय, वैवाहिक स्थिती लिहायची पद्धत आपण अजून का चालू ठेवली आहे? सरकारी अर्जात आरक्षणासाठी प्रवर्ग लागतो, तो तिथल्या रकान्यात भरायचाच आहे. खासगी कंपनीला त्याची गरज नाही, आणि माहिती दिल्याने काय होते ते आपल्या देशात मोजून झाले आहे. त्या वेळी यूजीसीचे अध्यक्ष असलेले सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक होता नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाला पुढच्या टप्प्यावर बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश. कागद तोच, शिक्षण तेच. माझ्या टेबलावरून गेलेले अर्ज आठवले की मला यात आश्चर्य वाटत नाही. आडनाव ऐकून कपाळाला आठी पडणारी माणसे निवड समितीत बसलेली मी पाहिली आहेत.

नाव बदला असे कोणी कोणाला सांगू नये. पण कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्यांना आपण बोलावता. त्यांच्याशी बोलताना एक अट घालता येईल: पहिल्या छाननीसाठी महाविद्यालय नावाशिवाय, फक्त क्रमांक घालून, पाने देईल, मुलाखतीला कोणाला बोलवायचे ते ठरल्यावर नावे कळतील. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. प्राचार्यांची सही पुरते. एका महाविद्यालयाने म्हटले तर कंपनी कदाचित नाही म्हणेल. ठाण्यापासून बदलापूरपर्यंतच्या महाविद्यालयांनी मिळून म्हटले तर ती विचार करील. आणि दुसरी अट, ज्यांना घेतले नाही त्यांनाही कळवावे. उत्तराची वाट बघत मुले दुसरीकडचे बोलावणे सोडतात, हे मी पुन्हा पुन्हा पाहतो.

याच जोडीला आधार आणि पॅन. बायोडेटावर आधार क्रमांक लिहिणारी, आधारची झेरॉक्स जोडणारी मुले अजून येतात. ते कागद रोजगार मेळाव्यातल्या टेबलावर गठ्ठ्याने पडून राहतात, व्हॉट्सॲप ग्रुपांत फिरतात, आणि 'रजिस्ट्रेशन फी' भरा म्हणणाऱ्या खोट्या एजंटांच्या हाती जातात. २०२३ साली देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. आपल्या प्लेसमेंट सेलकडे हजारो मुलांची माहिती आहे. ती कोणाला दिली, किती दिवस ठेवली, कधी पुसली, याची नोंद आपल्याकडे असावी. ओळखपत्र नोकरी पक्की झाल्यावर द्यायचे आणि नोकरीसाठी पैसे मागणारा फसवा असतो, ही दोन वाक्ये प्रत्येक नोटीस बोर्डावर कायम हवीत.

खंड पडलेल्या वर्षांबद्दलही बोलायला हवे. मुले केटी लपवतात, रिकामे वर्ष लपवतात, आणि लपवताना तारखा चुकवून स्वतःला खोटे ठरवून घेतात. यातले पुष्कळसे त्यांच्या हातात नव्हते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला घेतल्या आणि निकाल महिनोन्महिने रखडले; त्या तुकडीच्या किती तरी मुलांचे पुढचे प्रवेश आणि नोकऱ्या अडकल्या. २०२१ मध्ये राज्यात दहावी-बारावीच्या लेखी परीक्षाच झाल्या नाहीत आणि त्या मुलांना अजून मुलाखतीत 'कोविड बॅच' म्हणून ऐकावे लागते. घरच्या आजारपणासाठी वर्ष सोडलेली मुलगी, वडिलांची रिक्षा चालवून फी भरलेला मुलगा, यांनी ते वर्ष एका सरळ ओळीत लिहावे. 'जून ते मार्च, घरगुती कारणाने शिक्षण थांबवले, या काळात रिक्षा चालवली.' लपवण्यासारखे त्यात काय आहे? हे धैर्य त्यांना घरून मिळत नाही, घरचेच म्हणतात लिहू नकोस. ते शिक्षकाने द्यायचे असते.

आपल्या अडचणी मला दिसतात. एका तुकडीत १२० मुले, रिकामी पदे, तासिका तत्त्वावर धावपळ करणारे तरुण प्राध्यापक, आणि नॅकच्या कागदांचा ढीग. त्या ढिगात प्लेसमेंटची टक्केवारीही भरायची असते हे मला ठाऊक आहे. पण जून-जुलैत मुलांना फोन करून 'कुठे लागलास का' विचारून भरलेली टक्केवारी आणि आपण घडवलेली नोकरी यांत फरक आहे, आणि तो मुलांना कळतो. प्राध्यापकांनी एकट्याने १२० वह्या वाचाव्यात अशी माझी मागणी नाही. तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या वाचाव्यात. माजी विद्यार्थी येतील. आणि पास होऊन दोन-तीन वर्षे झालेल्यांना, मूल झाल्यावर पुन्हा कामाला लागू पाहणाऱ्या मुलींना, आपल्या सेलचे दार बंद करू नका. त्या आपल्याच आहेत आणि त्यांना विचारणारे दुसरे कोणी नाही.

आणखी एक हात आपल्या शेजारीच आहे. वागळे इस्टेट, कोलशेत रोड, डोंबिवली, अंबरनाथच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले टाइमकीपर, फोरमन, स्टोअरकीपर, अकाउंटंट या भागात घरोघरी आहेत. कोणते काम कागदावर कसे वाचले जाते हे त्यांनी आयुष्यभर पाहिले आहे. येत्या सत्रात पहिल्या वर्षाची एक तुकडी निवडा आणि आम्हांला बोलवा. महिन्यातून एका शनिवारी आम्ही वर्गात बसू, मुलांना प्रश्न विचारू, त्यांची पाने वाचू. मानधन नको, सत्कार नको. पत्र मिळाल्यावर तारीख तेवढी कळवा.

कळावे,

आपला नम्र,
पर्सोनेल खात्यातून निवृत्त झालेला एक रहिवासी
कोलशेत, ठाणे